झिजलेले हब आणि पंचाचे ठिपके : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या ट्रकच्या पुढच्या हबांच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागांच्या) दुरुस्तीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. तिच्यात मुद्दे आहेत, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्याऐवजी सविस्तर लिहीत आहे.

आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. बेअरिंगचा कप (बाहेरचे कडे) बसतो ते हबमधले भोक किंचित मोठे झाले होते, तर आतून सेंटर पंचाचे (टोकदार हत्याराचे) ठिपके मारून कप पुन्हा ठोकून बसवता आला असता. हब लेथवर चढवणे, बोअर करणे (भोक आतून कापून मोठे करणे) आणि स्लीव्ह (धातूची नळी) घालणे ही निव्वळ हौस होती. दुसरे, हबमध्ये कप सैल असलेला चालत नाही असे मी ठासून सांगतो, पण त्याच बेअरिंगचा कोन (आतले कडे) स्टब ॲक्सलवर (हब ज्यावर फिरतो त्या आखूड दांड्यावर) हाताने सरकतो त्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. तिसरे, बेअरिंगचा नट आवळून पुन्हा सैल करण्याचा माझा सल्ला आपल्याला धोकादायक वाटतो. शेवटी आपण विचारले आहे की दुसरा हब का आणला नाही, आणि स्लीव्ह उजव्याच हबला का.

सुरुवात दुसऱ्या आक्षेपापासून करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे बरेचसे आपोआप मिळते.

पुढच्या चाकाला स्टब ॲक्सल स्थिर असतो आणि हब फिरतो. ट्रकचे वजन स्टब ॲक्सलवरून कोनवर, कोनवरून रोलरांवर आणि रोलरांवरून कपवर उतरते. हे वजन नेहमी खालच्याच दिशेने येत असल्यामुळे कोनचा खालचा भाग तेवढा भाराखाली राहतो, आणि चाक कितीही फिरले तरी कोनच्या दृष्टीने भाराची जागा बदलत नाही. कपचे तसे नाही. कप हबबरोबर फिरतो, म्हणून त्याच्या परिघावरचा प्रत्येक बिंदू चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा भाराखाली येतो आणि बाहेर पडतो. ज्या कड्यावर भार असा फिरता असतो ते कडे आपल्या बैठकीत सैल असेल, तर ते भोकाच्या आतल्या बाजूने हळूहळू घरंगळू लागते, कारण त्याचा परीघ भोकाच्या परिघापेक्षा थोडासा लहान असतो आणि प्रत्येक फेऱ्यात तेवढ्या फरकाने ते हबच्या पुढे सरकते.

हा फरक किरकोळ वाटतो म्हणून हिशेब करून पाहू. कपचा बाहेरचा व्यास ७२ मिलिमीटर आहे आणि भोक त्याहून केवळ ०.०५ मिलिमीटरने मोठे आहे असे धरा. परिघांतला फरक ०.०५ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.१६ मिलिमीटर. टायरचा परीघ २.२ मीटर धरला तर एका किलोमीटरात चाक सुमारे ४५५ फेरे घेते, म्हणजे कप भोकात किलोमीटरमागे सुमारे ७१ मिलिमीटर सरकतो. त्याचा स्वतःचा परीघ २२६ मिलिमीटर आहे. याचा अर्थ, साधारण तीन किलोमीटरमागे कप हबच्या आत एक पूर्ण फेरा मारतो. ग्रीस, घाण आणि ब्रेकचे धक्के यांमुळे प्रत्यक्षातला आकडा कमीजास्त होईल, पण प्रकार हाच. कप कठीण केलेल्या पोलादाचा आणि हब बिडाचा, तेव्हा झिजणार कोण हे उघड आहे. झिजलेल्या बिडाची भुकटी ग्रीसमध्ये मिसळते आणि तीच रोलरांखाली दळली जाते. अशा हबमध्ये दरवेळी नवे बेअरिंग घालणारे पुढे बेअरिंगच्या दर्जाला दोष देतात, पण बेअरिंग बिचारे कोणत्याही कारखान्यातून आलेले असले तरी त्या बैठकीत टिकणार नाही. उजव्या हबमधून निघालेल्या आतल्या बेअरिंगच्या कपवर ही खूण स्वच्छ होती : बाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत झालेला आणि त्यावर परिघाच्या दिशेने रेघा उमटलेल्या.

कोन सैल असतो तो मात्र मुद्दाम ठेवलेला असतो. त्यावरचा भार एकाच दिशेचा असल्यामुळे त्याला घरंगळवणारे बळ फारसे नसते, आणि नट फिरवून बेअरिंगची मोकळीक जुळवायची असेल तर बाहेरचा कोन ॲक्सलवर मागेपुढे सरकलाच पाहिजे. तो अगदी सावकाश थोडा फिरतही राहतो, ते इष्टच असते, कारण त्यामुळे एकाच जागी भार खाऊन कोनची धाव (रोलर जिच्यावर फिरतात तो पृष्ठभाग) लवकर खराब होत नाही. म्हणूनच कोन चढवण्यापूर्वी ॲक्सलवर ग्रीसचा पातळ हात फिरवायचा असतो, आणि म्हणूनच नट व कोन यांच्यामध्ये जीभ असलेली वॉशर असते. ती जीभ ॲक्सलच्या खाचेत अडकते आणि कोनच्या फिरण्याचा परिणाम नटापर्यंत पोहोचू देत नाही. ही वॉशर हरवली की हाताला लागेल ती साधी वॉशर घालून मोकळे होणारे बरेच आहेत. पंचाच्या ठिपक्यांपेक्षाही मला त्याची धास्ती जास्त वाटते.

सैलपणालाही अर्थातच मर्यादा आहे. ॲक्सलवर नखाला जाणवेल अशी पायरी पडली असेल किंवा तो तापून निळा पडला असेल तर तो बदलावा. त्यावर वेल्डिंगचा थर चढवून घासून घेणे मी कोणालाही सुचवणार नाही. चाक ज्या एका दांड्यावर उभे असते, त्याच्या सर्वांत जास्त वाकवणारा ताण येणाऱ्या भागात वेल्डिंगच्या उष्णतेने धातूचा पोत बदलला, तर तिथूनच भेग सुरू होते.

आता पंच. रस्त्यात अडकलेला ट्रक घरापर्यंत आणण्यासाठी ही युक्ती पूर्वापार चालत आली आहे, आणि तेवढ्यापुरती ती मला मान्यही आहे. पण ठिपका मारला की खड्ड्याभोवती धातूची एक बारीक कड वर येते आणि कप त्या कडांवर टेकतो. पूर्ण बैठकीच्या जागी काही मोजके बिंदू उरतात. ठोकताना कप कडक बसल्याचे हाताला जाणवते, त्यामुळे काम झाले असे वाटते; प्रत्यक्षात फिरत्या भाराखाली त्या कडा चेपल्या जातात आणि कप पुन्हा फिरू लागतो. शिवाय कपची भिंत जाड नसते. मागून काही बिंदूंवर आधार आणि मधे पोकळी अशी स्थिती असेल तर धाव तेवढीच लहरते आणि रोलरांवर भार सारखा पडत नाही. ठिपके सगळीकडे सारख्या उंचीचे मारणे हाताला शक्य नाही, म्हणून कप भोकाच्या मध्यावर बसेल याचीही खात्री नसते.

ब्रेकच्या उष्णतेचा विचार आपल्या प्रतिक्रियेत आला नाही. उतारावर ब्रेक धरले की ड्रमची उष्णता आधी हबमध्ये येते आणि मग कपमध्ये. हब कपपेक्षा ४० अंशांनी अधिक तापला, तर ७२ मिलिमीटरचे भोक कपच्या तुलनेत सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढते. नीट बसवलेला कप भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनीच मोठा असतो, आणि त्यातला बराचसा भाग अशा वेळी खर्ची पडतो. पंचाच्या चेपलेल्या कडांवर बसलेल्या कपकडे खर्चायला काही शिल्लकच नसते. (कप बसवताना हब आपण मुद्दाम तापवतो तो याच गुणधर्माचा फायदा घेऊन.)

कप चिकटवणाऱ्या रसायनाचा, म्हणजे कारागीर सरसकट ज्याला लॉकटाइट म्हणतात त्या प्रकाराचा, पर्याय मी विचारात घेतला होता. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होते, आणि थोड्या, सर्वत्र सारख्या झिजेसाठी ते उत्तम आहे. भोक गोल असून कप केवळ हाताच्या दाबाने आत जातो अशी स्थिती असती, तर दोन्ही पृष्ठभाग ग्रीसमुक्त करून मी तेच वापरले असते. पण बोअर गेज (भोकाचा व्यास मोजणारे साधन) तीन खोलींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना लावून पाहिल्यावर उजव्या हबमधले आतले भोक एका दिशेला कपपेक्षा ०.१४ आणि काटकोनात ०.२२ मिलिमीटरने मोठे निघाले. रसायन पोकळी भरते, कपला मध्यावर आणत नाही. दोन बेअरिंगांमध्ये ६० मिलिमीटर अंतर असेल आणि त्यांतले एक ०.१ मिलिमीटरने बाजूला बसले, तर ३६० मिलिमीटर त्रिज्येच्या टायरच्या कडेला चाक प्रत्येक फेऱ्यात मध्यापासून ०.६ मिलिमीटर इकडे आणि तेवढेच तिकडे डुलते, आणि ड्रम किंवा डिस्कही त्याच प्रमाणात वाकडी फिरते.

म्हणून स्लीव्ह. हौस म्हणून ती करावी इतके ते काम सोपे नाही. आधी हब धुऊन, भेगा दाखवणारे रंगीत द्रव फवारून पाहावा लागतो, आणि ३ मिलिमीटर जाडीची स्लीव्ह घातल्यावर भोकाभोवती पुरेसे बीड उरते की नाही हे मोजावे लागते. उरत नसेल तर तिथेच थांबून हब भंगारात काढावा. लेथवर हब धरताना बाहेरच्या बेअरिंगचे शाबूत भोक आणि ड्रम बसतो तो पृष्ठभाग यांच्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे साधन) लावून तो मध्यावर आणावा लागतो, नाहीतर स्लीव्ह सुबक होईल पण दोन बेअरिंगांचा मध्य एका रेषेत येणार नाही. भोकाच्या तळाची पायरी, जिच्यावर कप टेकतो, तिला हात लावायचा नाही, कारण वळणावर बाजूचा जो जोर येतो तो त्या पायरीने पेलायचा असतो, स्लीव्हच्या घट्टपणाने नव्हे. स्लीव्ह आत दाबली की ती थोडी आवळते, म्हणून तिचे आतले अंतिम माप ती बसवल्यानंतर, हब त्याच पकडीत असताना घ्यायचे. बिडावर वेल्डिंगचा थर चढवून बोअर करण्याचा मार्ग मी टाळला, कारण वेल्डिंगच्या कडेचे बीड काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते आणि हब वेडावाकडा ताणला जातो.

नटाबद्दलच्या आपल्या काळजीमागे अनुभव आहे असे वाटते, पण तो वेगळ्या जातीच्या बेअरिंगचा असावा. अलीकडच्या अनेक गाड्यांत एकसंध हब बेअरिंग असते. त्यातली आतली दोन कडी एकमेकांना भिडलेली असतात आणि मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते, त्यामुळे तिथे नट भरपूर जोराने आवळायचाच असतो. जुन्या ट्रकच्या हबमध्ये दोन सुटे टेपर रोलर बेअरिंग असतात आणि त्यांच्यातली मोकळीक नटच ठरवतो. तो आवळून तसाच ठेवला तर रोलरांवर कायमचा दाब राहतो, तापल्यावर तो आणखी वाढू शकतो, ग्रीस पातळ होऊन निघून जाते आणि बेअरिंग निळे पडते. म्हणून हब हाताने फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग तो सैल करायचा, पुन्हा हलक्या हाताने टेकवायचा आणि कॉटर पिनच्या (नट फिरू न देणाऱ्या पिनच्या) भोकाशी जुळेपर्यंत किंचित मागे घ्यायचा. डायल गेज लावून हब आतबाहेर ओढला असता ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर हालचाल दिसावी. आपल्या ट्रकच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. नट निखळण्याची भीती असेल तर नवी कॉटर पिन आणि ती जीभवाली वॉशर हा त्यावरचा उपाय आहे. जास्त आवळणे हा नव्हे.

याच संदर्भात एक तपासणी सांगून ठेवतो. चाक जॅकवर घेऊन वरखाली हलवल्यावर खडखड जाणवली, की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खडखड थांबली तर ती बेअरिंगची किंवा हबची. चालूच राहिली तर ती किंगपिनची (स्टब ॲक्सल जिच्याभोवती वळतो त्या पिनची). याची शहानिशा न करता नट आवळत बसणारे किंगपिनच्या रोगावर बेअरिंगला औषध देत असतात.

दुसरा हब आणण्याबाबत माझा वाद नाही. नवा, योग्य मापाचा हब मिळत असेल तर तो घ्यावा आणि लेथचे नावही काढू नये. जुन्या ट्रकमधून काढलेला हब मात्र तितक्याच वर्षांचा असतो आणि त्यानेही तशाच उपेक्षेत दिवस काढलेले असतात, म्हणून तो घेण्यापूर्वी त्याची भोके मोजणे आलेच. मला मिळालेल्या हबमध्ये बाहेरचा कप बोटाने फिरत होता.

डाव्या हबला स्लीव्ह घातली नाही, कारण तिथे तिची गरज नव्हती. दोन्ही कप काढायला जोर लावावा लागला, आणि भोके कपपेक्षा सुमारे ०.०४ मिलिमीटरने लहान भरली, म्हणून तिथे फक्त नवे कप, कोन आणि सील बसवले. उजवा हबच एवढा का झिजला याचे पक्के कारण मला देता येत नाही. त्या बाजूचे सील फाटलेले होते आणि ग्रीसमध्ये पाणी उतरले होते. पण सील फाटले म्हणून बेअरिंग गेले, की डुलणाऱ्या हबनेच सील फाडले, हे सुटे भाग पाहून ठरत नाही. स्लीव्ह घातलेल्या बाजूची मोकळीक ट्रक काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा डायल गेजवर मोजणार आहे, आणि जो आकडा येईल तो मूळ लेखाच्या शेवटी नोंदवीन.