आपल्याच घरात कुलूप कशाला?

काल धुळ्याच्या देवपुरात नेहमीच्या टपरीवर मी सहज बोलून गेलो, की घरातल्या कपाटाला कुलूप बसवलं. मी करसल्लागाराचं काम घरूनच करतो. लोकांचे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे दाखले), बँकेचे उतारे, आधारच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर असतात. आबा उसळलाच, "आपलाच घरमा कुलूप कसाले भो? बायकापोरांवर भरोसा नाही?"

भरोसा आहे. पण मागच्या महिन्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, उघड्या फायलीवर त्यांची नजर पडली, आणि दोन दिवसांत एका माणसाचं कर्ज गल्लीभर झालं. काकूंना काय बोलणार? फाइल उघडी मी टाकली होती. त्या माणसाचा फोन आला. रागावला नाही, एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडूनच गेलं का?" हो म्हणताना माझी जीभ जड झाली.

पुण्याच्या कंपनीचं काम इथून करणारा आमचा धाकटा दोस्त म्हणाला, कागदाहून लॅपटॉप वाईट. त्याची मुलगी त्यावरच गेम खेळायची. आता तिचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. जेवायला उठतानाही तो विंडोज आणि एल ही बटणं दाबून स्क्रीन लॉक करतो. आधारही पूर्ण मागत नाही. शेवटचे ४ अंकच दिसतात अशी मास्क केलेली प्रत मागतो.

"२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे," तो म्हणाला.

"तो मोठ्या कंपन्यांना रे!" आबा म्हणाला. यावर बराच वेळ गेला. मला दंडाचं एवढं वाटत नाही, त्या फोनचं वाटतं.

नाना निवृत्त शिक्षक, शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुन्या वाड्यांतली दप्तरं गोळा केली. दोन-दोनशे वर्षांपूर्वीचे हिशेब, भांडणं, कर्जं, सगळं सापडलं. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल का, कोणी परका हे वाचेल? कागद आपोआप मरत नाही. काम झालं की फाड, नाहीतर कुलपात ठेव. रद्दीत घालू नको."

म्हणून मी जुन्या झेरॉक्सही बारीक फाडून मगच टाकतो. अख्खा कागद रद्दीवाल्याकडून भज्यांच्या गाडीवर जायला वेळ लागत नाही.

आबा बराच वेळ गप्प होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मन्ही फाइल कोठे शे?"

"कुलपात," मी म्हटलं.