‘पोकळ’ हा शब्द आणि जाफना : सुभेदारसाहेबांना उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला हात धजला नाही. इराकमधल्या फलुजा आणि मोसुल या शहरांच्या लढायांवरच्या माझ्या लेखाला मी ‘पोकळ विजय’ असं नाव दिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की साताऱ्यात पंख्याखाली बसून रक्ताचा हिशेब मांडणं सोपं असतं. जवानानं शहर जिंकून दिलं, पुढे पुढाऱ्यांनी माती केली, तर त्यात त्याचा काय दोष? आणि शहरासाठी लढायचंच नाही म्हटलं तर स्टालिनग्राडही पडलं असतं, ज्याचा पोवाडा आपल्या वाटेगावच्या अण्णा भाऊंनी रचला.

जवानाचा दोष नाही. हे लेखात स्वच्छ लिहायला हवं होतं, ते राहिलं. चूक माझीच.

स्टालिनग्राडबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ते शहर लढवायलाच हवं होतं. पण तिथला निकाल गल्ल्यांमध्ये लागला नाही. गल्ल्यांमधल्या माणसांनी जर्मन फौज महिनोन्‌महिने अडकवून धरली, आणि १९ नोव्हेंबर १९४२ पासून रशियनांनी शहराबाहेरच्या उघड्या माळावरून वेढा आवळला. २ फेब्रुवारी १९४३ ला सगळं संपलं तेव्हा सुमारे ९१,००० जर्मन कैद झाले. मुख्य म्हणजे शहर लढवणाऱ्यांचंच होतं. जिंकल्यावर ते सोडून कुठे जायचा प्रश्नच नव्हता. त्याची किंमतही थोडीथोडकी नव्हती. २३ ऑगस्टच्या एका दिवसाच्या बॉम्बफेकीत हजारो नागरिक गेले.

आता जाफना, म्हणजे उत्तर श्रीलंकेतलं ते शहर, जिथे आपली शांतिसेना लिट्टेच्या तमिळ वाघांशी लढली. मूळ लेखात ते आलं नव्हतं, कारण त्यावर लिहायला मी कचरत होतो. तुम्ही तिथे होतात हे तुमच्या प्रतिक्रियेतूनच कळलं. माझे धाकटे चुलतेही होते, ऑक्टोबर १९८७ मध्ये. गेल्या गणपतीत ते आमच्याकडे आले. दार सताड उघडं होतं. तरी ते समोर उभे राहिले नाहीत. चौकटीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून, हात लांब करून त्यांनी कडी वाजवली. आतून आवाज आल्यावर आधी उंबऱ्याकडे खाली पाहिलं, मग पाय टाकला. माझी मुलगी बघत राहिली. चुलती हळूच म्हणाली, “अगं, तारेची सवय आहे ती.” तिथे दारांना तारा बांधलेल्या असत, पलीकडे सुरुंग. इतकी वर्षं झाली, अजून आमच्या घराचा उंबराही त्यांना साधा उंबरा वाटत नाही.

ही माणसं जिंकली होती. ११ ऑक्टोबरच्या रात्री विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ गेले, तरी महिनाअखेरीला शहर आपल्या फौजेच्या हातात होतं. त्याच महिन्यात, ऐन दिवाळीत, तिथल्या सरकारी रुग्णालयात साठहून जास्त रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. ते चकमकीत सापडले असं फौजेचं म्हणणं, गोळ्या घातल्या असं तिथल्या लोकांचं. हे लिहिताना मला त्रास होतो. तुम्हाला वाचताना जास्त होईल. पण शहरातली लढाई म्हटली की रुग्णालय, शाळा, स्वयंपाकघर हीच रणभूमी होते, आणि तिथे सर्वांत शिस्तीच्या फौजेच्या हातूनही काय होऊ शकतं, हे आपणच लपवलं तर उद्या दुसऱ्या पोरांना तसल्याच गल्लीत धाडलं जाईल.

मार्च १९९० मध्ये आपली फौज परत आली. श्रीलंकेत सुमारे १,२०० जवान गमावून आली. वाघांनी जाफना पुन्हा घेतलं, आणि १९९५ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याला तेच शहर परत लढून घ्यावं लागलं. फलुजाचं तेच झालं. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकनांनी घरोघर लढून घेतलं, जानेवारी २०१४ मध्ये हातचं गेलं. मोसुलमध्ये १७ मार्च २०१७ ला छपरावरच्या इसिसच्या दोन नेमबाजांसाठी अमेरिकनांनी एक बॉम्ब टाकला, खाली घरात लपलेली शंभरावर माणसं दबून मेली. हा आकडा अमेरिकी लष्करानंच मान्य केला आहे.

आपल्या डोक्यावरचा अजिंक्यताराच बघा. किल्ला म्हणजे शहर नव्हे, मान्य. पण औरंगजेबानं १७०० च्या एप्रिलमध्ये तो घेतला, त्याआधी त्याच्याच सुरुंगानं तट बाहेर कोसळून त्याचीच शेकडो माणसं गाडली गेली. मोठ्या हौसेनं आझमतारा नाव ठेवलं. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला.

पुढचं पुढाऱ्यांवर, असं तुम्ही म्हणता. पण फौज शहरात घालायचा हुकूमही तेच देतात ना? मग शहर पडलं त्या दिवशी पेढे वाटून खातं बंद करू द्यायचं नाही. पाच वर्षांनी तिथे कोण राज्य करतंय आणि कुणाची पोरं शाळेत जातायत, हे विचारायचंच. हे विचारल्यानं जवानाचा अपमान होतो असं मला वाटत नाही. न विचारल्यानं मात्र चुलत्यांसारखी माणसं वाया जातात.

लेखाच्या नावातला ‘पोकळ’ मी आज काढला. आकडे तसेच ठेवलेत. तुमच्यासोबत जाफन्याला गेलेले दोघं परतले नाहीत, एवढंच तुम्ही लिहिलंत. ते कोण होते, कसे होते, ते लिहिलं नाहीत. लिहाल का? जसंच्या तसं छापीन. आणि साताऱ्यात आलात तर चुलते रविवारी घरीच असतात.