फ्रेंच तोफांचे गोळे खरंच टप्पा खाऊन परत येत होते का?

दुसऱ्या महायुद्धाबद्दल मराठीत एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. शब्द बदलतात, दावा तोच. १९४० मध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला, कारण फ्रेंच तोफांना जर्मन रणगाड्यांचं चिलखत भेदताच येत नव्हतं. त्यांची २५ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ म्हणजे खेळणं होतं. ४७ मिलिमीटरची होती, पण तीही तोकडी. सोबत आकड्यांचा एखादा तक्ता असतो आणि वर बहुधा टायगरचा फोटो.

फोटोचं आधी उरकून टाकू. टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला तो १९४२ मध्ये, लेनिनग्राडजवळ. फ्रान्स पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आता 'जाड चिलखत'. १० मे १९४० रोजी पश्चिम आघाडीवर जर्मनांकडे साधारण २,४०० रणगाडे होते. त्यातले ५२३ पॅन्झर-१ आणि ९५५ पॅन्झर-२, म्हणजे निम्म्याहून जास्त. पॅन्झर-१ चं चिलखत होतं १३ मिमी, पॅन्झर-२ चं मूळचं साडेचौदा. पोलंडच्या अनुभवानंतर काही पॅन्झर-२ वर पुढून जादा पत्रे ठोकले होते, एवढंच. सव्वातीनशेच्या वर रणगाडे चेकोस्लोव्हाकियातून आलेले, पुढून २५ मिमीचे. ज्यांना खरे लढाऊ रणगाडे म्हणावं ते पॅन्झर-३ आणि पॅन्झर-४ मिळून सहाशेच्या आसपास, आणि त्यांचाही पुढचा पत्रा फार तर ३० मिमी. 'जाड' म्हणतात ते एवढंच. जर्मन रणगाड्यांवर ५०-६० मिमी पोलाद चढलं ते नंतर, आणि फ्रान्समधला अनुभव हे त्याचं एक कारण होतं. उलट फ्रेंच रणगाड्यांपैकी रेनो आर-३५ चं चिलखत ४० मिमीच्या घरातलं, सोमुआचं त्याहून थोडं जास्त, शार बी-१ बिसचं ६०.

म्हणजे प्रश्न असा विचारायला हवा: मे १९४० मध्ये फ्रेंच तोफांना ३० मिमी पोलाद भेदता येत होतं का?

हॉचकिसची २५ मिमी तोफ घ्या. तिचा गोळा जेमतेम ३२० ग्रॅमचा, पण नळीतून सुटताना वेग सेकंदाला ९१८ मीटर. आता तिच्याशेजारी फ्रेंचांचीच ३७ मिमीची जुनी रणगाडा-तोफ ठेवा, पहिल्या महायुद्धातली, एसए-१८. तिचा गोळा सुमारे अर्धा किलोचा, वेग सेकंदाला ३८८ मीटर. ऊर्जा काढायला वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. २५ मिमीच्या गोळ्यात येते सुमारे १ लाख ३५ हजार जूल, ३७ मिमीच्यात जेमतेम ३८ हजार. शिवाय २५ मिमीचा गोळा ही साडेतीन पट ऊर्जा निम्म्याहून कमी क्षेत्रफळावर आणून टाकतो. दाभण आणि मुसळ यांत पोत्याला भोक कशाने पडतं, हे घरातलं पोरही सांगेल. नुसत्या तोंडाच्या व्यासावरून तोफेला खेळणं ठरवणाऱ्यांनी एवढा गुणाकार तरी करून बघावा.

काही शे मीटरच्या आत ही २५ मिमीची तोफ ३० मिमीचा पत्रा भेदत असे. ती बुटकी होती, झुडपामागे सहज लपे, आणि नळीच्या टोकाला जाळ झाकणारं नरसाळं असल्याने उडाली कुठून ते समोरच्याला पटकन कळत नसे. १५ मे रोजी ईशान्य फ्रान्समधल्या सेदाँ शहराच्या दक्षिणेला स्तॉन या टेकडीवरच्या गावात शिरणारे आघाडीचे पॅन्झर-४ याच तोफेने थोपवले. तिचे दोष वेगळे होते. पहिला म्हणजे, एवढासा भरीव गोळा आत शिरला तरी आत फार काही करत नाही. माणसाला, इंजिनाला किंवा दारूगोळ्याला लागला तर लागला. दुसरा म्हणजे तिचा गाडा. तो घोड्यांनी सावकाश ओढायच्या हिशेबाने केलेला. ब्रिटिशांनी आपल्या तोफा कमी पडल्या म्हणून काही हॉचकिस घेतल्या, तर त्यांना त्या ट्रकमागे जोडण्याऐवजी ट्रकच्या हौद्यात चढवून न्याव्या लागल्या.

'४७ मिमीही तोकडी' या वाक्यात दोन वेगळ्या तोफा एकाच पोत्यात कोंबल्या आहेत, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सोमुआ आणि शार बी-१ बिस या रणगाड्यांच्या टरेटमधली, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजातली, ती एसए-३५. गाड्यावरची, पायदळासोबत जाणारी ती एसए-३७. दोन्हींचा व्यास ४७, पण काडतूस एकीचं दुसरीला बसत नाही. एसए-३५ च्या काडतुसाची पितळी नळकांडी १९३ मिमी लांब, एसए-३७ ची ३८०. जवळजवळ दुप्पट! त्यात दारू किती जास्त मावते ते वेगात दिसतं. रणगाड्यातली तोफ सेकंदाला ६६० मीटरच्या आसपास, गाड्यावरची ८५५. ऊर्जेत हा फरक पावणेदोन पटीचा होतो. एसए-३७ त्या वेळचा कुठलाही जर्मन रणगाडा हजार मीटरवरूनही फोडू शकत होती, आणि माझ्या मते १९४० मधली ती कुठल्याही सैन्याकडची सर्वोत्तम रणगाडाविरोधी तोफ म्हणावी लागेल. रणगाड्यातली धाकटी बहीणही नेहमीच्या लढाईच्या अंतरावर ३० मिमीला पुरी पडत होती. फिरणाऱ्या मजकुरात धाकटीचे आकडे थोरलीच्या नावावर खपवलेले असतात.

त्या तक्त्याबद्दलही सांगायला हवं, कारण लोक तो पुरावा म्हणून नाचवतात. पत्रा तिरपा ठेवला की गोळ्याला जास्त पोलाद कापावं लागतं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटनच्या नाकासमोर उभं राहिलं की हे डोळ्यांना कळतं: पुढचा पत्रा मागे चांगलाच कललेला आहे. ३० मिमीचा पत्रा उभ्यापासून ३० अंश मागे झुकवला तर सरळ येणाऱ्या गोळ्याला तो साडेचौतीस मिमीचा होतो, ६० अंश झुकवला तर थेट ६० मिमीचा. आता गंमत अशी की काही तक्ते कोन मोजतात पत्र्याला काढलेल्या लंबापासून, काही पत्र्याच्या पृष्ठभागापासून. एका तक्त्यातले '३० अंश' आणि दुसऱ्यातले '६० अंश' ही एकच चाचणी असू शकते. त्यातून भर म्हणजे 'भेदलं' कशाला म्हणायचं तेही प्रत्येक देशाचं वेगळं. फ्रेंच तोफेचा आकडा तिरप्या पत्र्यावरचा आणि जर्मन तोफेचा उभ्या पत्र्यावरचा, असे शेजारी मांडले की फ्रेंच तोफ आपोआप दुबळी दिसते.

एका बाबतीत मात्र हा मजकूर बरोबर आहे, आणि ते कबूल न करणं लबाडी ठरेल. वर सांगितलेली जुनी ३७ मिमी एसए-१८ खरोखरच कुचकामी होती. १९३५ सालचा वेगवान गोळा आला तरी तिचा जीव तेवढाच. आणि ती थोड्याथोडक्या नव्हे, बहुतेक रेनो आर-३५, सुरुवातीचे हॉचकिस रणगाडे आणि अजून वापरात असलेल्या १९१७ च्या घडणीच्या एफटी रणगाड्यांपैकी काही, एवढ्यांवर होती. कारण कंजूषपणाचं: जुन्या एफटींवरून उतरवलेल्या तोफा नव्या रणगाड्यांवर चढवल्या. लांब नळीची एसए-३८ आली, पण उशिरा. एफसीएम-३६ या वेल्डिंग केलेल्या देखण्या रणगाड्यावर ती बसवून पाहिली, तर धक्क्याने टरेटच्या सांध्यांना तडे गेले आणि बेत गुंडाळावा लागला. १४ मे रोजी सेदाँजवळ ब्युलसोंच्या बाजूला प्रतिहल्ला करायला गेली ती याच एफसीएम-३६ ची बटालियन, याच जुन्या तोफा घेऊन. सकाळी निघालेल्यांपैकी बहुतेक रणगाडे परत आले नाहीत.

पण ज्यांच्याकडे चांगली ४७ मिमी होती त्यांनाही अडचण होतीच, आणि ती गोळ्याच्या पुढच्या टोकाला नव्हती, मागच्या टोकाला होती. फ्रेंच टरेटमध्ये माणूस एकच. कल्पना करा: लोखंडी हंड्यात कंबरेपर्यंत उभा असलेला एक अधिकारी. माथ्यावर छोटा घुमट, त्याच्या बारीक फटींतून बाहेर बघायचं. डोकं बाहेर काढायचं तर मागचं दार उघडून त्यावर बसायचं, म्हणजे गोळ्यांसमोर पाठ मोकळी. लक्ष्य त्याने शोधायचं, टरेट फिरवायचं, काडतूस भरायचं, दुर्बिणीला डोळा लावून नेम धरायचा, उडवायचं, मग गोळा कुठे पडला ते बघायचं. तेवढ्यात चालकाला डावीकडे घे म्हणून सांगायचं. तो पलटणीचा प्रमुख असेल तर बाकीचे रणगाडे काय करताहेत तेही त्यानेच बघायचं, बहुतेक ठिकाणी रेडिओशिवाय, झेंड्यांच्या खुणांनी. पॅन्झर-३ च्या टरेटमध्ये तेव्हा तिघे होते: एक बघणारा, एक नेम धरणारा, एक भरणारा, शिवाय रेडिओ. त्याची ३७ मिमी तोफ सोमुआच्या तोफेपेक्षा कमजोर होती. पण सोमुआचा एक गोळा सुटेपर्यंत तिचे दोन-तीन सुटलेले असत, आणि तेही दोन-तीन रणगाड्यांनी मिळून एकाच लक्ष्यावर.

तरीही कोणाचा पत्रा कोणाला भेदत नव्हता हे बघायचं असेल तर पुन्हा स्तॉनला जावं लागतं. १६ मे रोजी कॅप्टन पिएर बियोत यांचा शार बी-१ बिस गावात घुसला. रणगाड्याचं नाव 'यूर'. त्याने १३ जर्मन रणगाडे निकामी केले आणि बाहेर पडला. नंतर मोजलं तर अंगावर १४० खुणा होत्या, आरपार एकही नाही. टप्पा खाऊन परत जाणारे गोळे होते खरे, पण जर्मन होते. जर्मन सैनिक स्वतःच्या ३७ मिमी तोफेला 'दार ठोठावणारं यंत्र' म्हणत.

राहिला शेवटचा दावा, की फ्रान्स यामुळे पडला. १३ मे रोजी सेदाँला म्यूज नदी ओलांडली ती जर्मन पायदळाने आणि इंजिनियरांनी, रबरी होड्यांतून, डोक्यावर दिवसभर श्टूका विमानांचा मारा चालू असताना. पूल रात्री तयार झाला, रणगाडे नंतर पलीकडे गेले. ज्या तासांत आघाडी फुटली त्या तासांत भेदायला समोर रणगाडेच नव्हते. तिथे उभ्या असलेल्या राखीव फळीच्या डिव्हिजनांकडे रणगाडाविरोधी तोफा नेमून दिल्यापेक्षा कमी होत्या हे खरं, पण तो मोजणीचा प्रश्न झाला, पोलाद भेदण्याचा नव्हे.

आणि या तोफा एवढ्या टाकाऊ असत्या तर जर्मनांनी त्या भंगारात काढल्या असत्या. त्यांनी २५ मिमीला पाक-११२ आणि ४७ मिमीला पाक-१८१ असे क्रमांक देऊन ('पाक' म्हणजे जर्मनमध्ये रणगाडाविरोधी तोफ) आपल्या सैन्यात घेतलं. १८९७ सालची प्रसिद्ध ७५ मिमी तोफही सोडली नाही. रशियात टी-३४ समोर आल्यावर घाईघाईने तिची फ्रेंच नळी जर्मन गाड्यावर बसवली, तोंडाशी धक्का कमी करणारं जाळीदार नळकांडं लावलं आणि वेगावर नव्हे तर स्फोटाच्या झोतावर चिलखत भेदणारा, पोकळ स्फोटकांचा गोळा दिला. नाव ठेवलं पाक-९७/३८, त्यातला ९७ हा आकडा १८९७ चा. अशा साडेतीन हजारांहून जास्त तोफा त्यांनी बनवल्या.