अंतराळात अर्थिंग कुठून आणायचं?
लेख आवडला, पण ‘अंतराळ म्हणजे निव्वळ पोकळी, तिथे विद्युत गोंगाट कसला’ हे वाक्य खटकलं. ४०० किलोमीटर उंचीवर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सतत विरळ प्लाझ्मातून, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) वायूतून धावतं. भोसरीत कारखान्यांची विजेची पॅनेल दुरुस्त करण्यात माझी २५ वर्षं गेली. काही बिघडलं की आमचा पहिला प्रश्न, अर्थिंग बघितलंत का? तिथे जमीनच नाही! स्थानकाची सौर पॅनेलं साधारण १६० व्होल्टवर चालतात, ऋण टोक सांगाड्याला जोडलेलं. हलके इलेक्ट्रॉन पॅनेलच्या धन बाजूकडे भराभर ओढले जातात, जड आयन रेंगाळतात, आणि अख्खा सांगाडा प्लाझ्माच्या मानाने ऋण होऊन बसतो. मग अ‍ॅल्युमिनियमवरच्या पातळ ऑक्साइड थरातून ठिणगी उडू शकते. ठिणगी म्हणजे रेडिओत खरखर. दारात कुणी स्कूटरला किक मारली की आमचा मर्फी रेडिओ कसा खरखरायचा, आठवतंय? म्हणून तिथे झेनॉन वायूचा प्लाझ्मा बाहेर सोडणारं उपकरण बसवलंय, सांगाड्यावरचा जादा ऋण भार त्यातून बाहेर निघून जातो. अर्थिंगच म्हणा ना.

आणि तारेची लांबी वाढली की वेगळंच दुखणं. १९९६ मध्ये कोलंबिया यानातून सोडलेली जवळपास २० किलोमीटरची तार पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून धावताना साडेतीन हजार व्होल्टपर्यंत गेली. इन्सुलेशनला कुठेतरी इजा होती, तिथेच आर्क झाला नि तार जळून तुटली.