मोहरीला डाग देण्याची सोपी रीत

सर्वप्रथम अभिनंदन. यंदा आकाशकंदिलात बाजारातला बल्ब लावायचा नाही, एलईडीची चकती घरीच बनवायची, असं तुम्ही ठरवलंत. बारा पिवळे एलईडी, प्रत्येकाला प्रवाह आवरणारा एक रेझिस्टर आणि वीज जुन्या मोबाइल चार्जरची. आता पहिलं काम म्हणजे ही बातमी घरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकणं. वसुबारसेला लागणार, अशी तारीखही सांगा. परतीचे दोर आपल्याच हाताने कापले की कामाला जोर येतो. निदान रात्री झोप लागत नाही, एवढं तरी होतंच.

लांब तारांचे दोन पाय असलेले जुने एलईडी मुळीच घेऊ नका. ते भोकातून घालायचे, पाय फाकवायचे, मागून धातू वितळवून जोडाचा डाग द्यायचा की झालं. त्यात पराक्रम कसला? आपल्याला हवेत सरफेस माउंट, म्हणजे ज्यांना पायच नाहीत आणि जे पीसीबीवर, म्हणजे तांब्याच्या वाटा छापलेल्या चकतीवर, नुसते येऊन बसतात. त्यांचे आकार आकड्यांत सांगतात. ०८०५ म्हणजे लांबी ०.०८ इंच आणि रुंदी ०.०५ इंच. आपल्या भाषेत २ मिलिमीटर बाय सव्वा मिलिमीटर, साधारण मोहरी. ०६०३ त्याहून लहान. ०४०२ म्हणजे १ बाय अर्धा मिलिमीटर, खसखस. संगणकाच्या पडद्यावर हे सगळे बोटभर दिसतात, तेव्हा निःशंकपणे सर्वांत लहान निवडा. आणखी एक गंमत अशी की हेच ०४०२ कुणी मिलिमीटरच्या पद्धतीने लिहिलं असेल, तर ते ०.४ बाय ०.२ मिलिमीटर निघतं. कोणता रकाना आहे ते मागवताना पाहू नका. पाकीट उघडल्यावर वाटेल की आत काहीच नाही. आहे. फक्त शिंकू नका.

मी स्वतः ०८०५वर थांबलो. यात शहाणपणाचा भाग नाही, दुकानात तेवढेच शिल्लक होते.

खरेदीला पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. यादी करून जाऊ नका. काउंटरवर तुमच्यामागे बारा माणसं उभी असताना आठवून आठवून सांगण्यात वेगळी मजा असते. सोल्डरची, म्हणजे वितळवून जोड द्यायच्या कथील-शिशाची, तार मागा. दुकानदार विचारेल, ‘किती गेज?’ तुम्ही ‘साधी’ म्हणा. साधी म्हणजे १८ गेज, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तुमचा एलईडी जेवढा रुंद, तेवढीच ही तार जाड. मोहरीला मोहरीएवढ्या थेंबाने चिकटवायची जिद्द इथून सुरू होते. २२ गेजची बारीक तार शेजारच्याच खणात असते. तिकडे बघू नका.

मग तो अगदी सहज विचारेल, ‘फ्लक्स देऊ का?’

इथे ठामपणे ‘नको’ म्हणा. ‘तारेत असतोच की.’ हे वाक्य म्हणताना किंचित हसायचं, म्हणजे आपण मुरलेले आहोत हे त्याला कळतं. तोही हसतो. तो का हसला हे कळायला मला तीन रात्री लागल्या.

फ्लक्स म्हणजे काही अगम्य रसायन नव्हे, मुळात ती राळच. तांब्यावर हवेने एक पातळ थर धरतो. गरम केलं की तो आणखी झपाट्याने धरतो आणि त्या थरावर सोल्डर पसरत नाही, अळवाच्या पानावर पाणी फिरावं तसं फिरतं. राळ तो थर काढते. ही गोष्ट आपल्या दारावर ‘कल्हईऽऽ’ म्हणून ओरडत येणाऱ्या माणसाला पक्की ठाऊक होती. तापलेल्या पातेल्यात तो आधी नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मगच कथील फिरायचं. कथील तेच, जे तुमच्या ६०-४० तारेत शंभरात साठ भाग असतं. पण तो शाळा न शिकलेला माणूस आणि तुम्ही इंजिनिअर, तेव्हा तुम्हाला फ्लक्सची काय गरज? (नवसागर मात्र घरातून शोधून आणू नका. तो पीसीबीवरचं तांबं हळूहळू खातो. हे मी उपरोधाने सांगत नाही.)

सोल्डर वितळवायचं आयर्न साधं २५ वॅटचं पुरेल. त्याचं बिट, म्हणजे तापणारं टोक, खिळ्याएवढं असतं, पण हत्ती रंगवायचा ब्रश घेऊन मिशी काढणारेही कलाकार असतातच. त्याला थर्मोस्टॅट नसतो. ते लावून ठेवा, चहा प्या, एक फोन उरका. परत येईपर्यंत बिट काळं ठिक्कर पडलेलं असेल आणि सोल्डर त्याला शिवायला तयार नसेल. मग पॉलिश पेपर घ्या आणि चकचकीत होईपर्यंत घासा. चांगल्या बिटवर आत तांबं आणि वर लोखंडाचा मुलामा असतो. घासल्यावर मुलामा जातो आणि उघडं पडलेलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत राहतं. चार दिवसांत बिटाला खळगा पडतो. बिट पुसायला ओला स्पंज नावाची एक वस्तू असते, पण ती तुम्ही डब्यासकट कपाटात ठेवली आहे. तिथेच राहू दे.

आता बैठक. जेवणाचं टेबल उत्तम. शेजारी चकलीची ताटली ठेवा आणि डाव्या हाताने अधूनमधून एक तोंडात टाका. धुराची भीती बाळगा, कारण सगळे तीच बाळगतात. वास्तविक धूर राळेचा असतो. तो डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो, पण शिसं एवढ्या उष्णतेला वाफ होऊन उडत नाही. शिसं बोटांना लागतं. तीच बोटं, ज्यांनी तुम्ही चकली उचलता. पण हात धुवायला उठलं की लय बिघडते.

एलईडी येतात एका अरुंद पट्टीत. एकेका खळग्यात एकेक, वरून पारदर्शक फीत. एका वेळी एकच खळगा उघडावा, असं म्हणतात. तुम्ही सर्रकन पूर्ण पट्टी सोला. फितीला स्थिर वीज असते, त्यामुळे चार-पाच जण फितीलाच चिकटून वर येतात, दोन पालथे पडतात आणि उरलेले मांडणीप्रमाणे नव्हे तर इच्छेप्रमाणे बसतात. अशा वेळी मागून आई येते. ‘केवढा घाम आलाय रे! पंखा तरी लावून घे.’ आणि माया म्हणून तीच बटण दाबते.

चिमट्याने उचलण्याचंही तंत्र आहे. जरा जास्त दाबायचं. ‘टिक’ असा आवाज येतो, चिमट्याची टोकं एकमेकांना भेटतात आणि मधला एलईडी नसतो. तो कुठे गेला, हे भौतिकशास्त्राला सांगता येईल, तुम्हाला नाही. मोबाइलचा टॉर्च जमिनीला अगदी लागून धरा, म्हणजे बारीक वस्तूचीही सावली लांब पडते आणि ती दिसते. ही युक्ती खरोखर चालते. मला तिने पोह्याचे दोन दाणे, एक टिकली, चष्म्याचा स्क्रू आणि दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरात झाडू कुठपर्यंत जातो याची सीमारेषा दाखवली. एलईडी सापडला दुसऱ्या दिवशी, सदऱ्याच्या बाहीच्या दुमडीत. धुतलेला.

एवढं झालं की प्रत्यक्ष डाग. आपल्याकडे डाग भांड्याच्या जोडालाही देतात आणि गुराच्या पाठीवरही. आज तुमच्या हातून दोन्ही होणार आहे.

जाणकार सांगतात, आधी एकाच पॅडवर, म्हणजे पीसीबीवरच्या तांब्याच्या टिकलीवर, थोडं सोल्डर घ्या. मग ते पुन्हा वितळवत चिमट्याने एलईडी बाजूने आत सरकवा, आयर्न काढा आणि सोल्डर थिजेपर्यंत हात हलवू नका. एक बाजू धरली की दुसरी निवांत करा आणि शेवटी पहिलीवर पुन्हा एक हात फिरवा. अशाने एलईडी अर्ध्या मिनिटात बसतो. पण मग उरलेल्या रात्रीचं करायचं काय? म्हणून तुम्ही दोन्ही पॅड कोरडे ठेवा. चिमट्यात एलईडी, दुसऱ्या हातात आयर्न आणि तार धरायला तिसरा हात नाही, म्हणून बिटवरच सोल्डरचा मोठा थेंब घेऊन या. बिटवरून पॅडवर येईपर्यंत तारेच्या पोटातली राळ धूर होऊन गेलेली असते. पोहोचतो तो एक करडा, रुसलेला गोळा. तो पॅडकडे बघतही नाही. बिट उचललं की त्याला शेपूट फुटतं आणि शेपटाच्या टोकाला, अगदी आनंदाने, तुमचा एलईडी लोंबकळत असतो. बघत राहा. आधी त्याचा पारदर्शक डोळा पिवळट होतो, मग तपकिरी. वास येतो तो एलईडीचा. चकलीच्या ताटलीकडे संशयाने बघू नका.

दुसऱ्या एलईडीला एक बाजू धरते. तुम्ही हर्षाने दुसरी तापवता. मोहरीएवढ्या वस्तूला एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाला पोहोचायला वेळ लागत नाही. पहिली बाजू सुटते, वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला ओढतो आणि तो ताडकन एका टोकावर उभा राहतो. कारखान्यांतही हे घडतं, तिथे त्याला टूम्बस्टोन म्हणतात, थडग्यावरच्या दगडासारखा दिसतो म्हणून. कारखान्यात घडतं म्हटल्यावर आपली पातळी कुठे गेली बघा.

उभा राहिलेला आडवा करायला तापवा. नाही झाला, आणखी तापवा. पॅड पीसीबीला एका गोंदासारख्या थरानेच धरून असतं, ते या मायेने सुटतं आणि चिमट्याबरोबर साल निघावी तसं निघून येतं. त्याजागी जुन्या इअरफोनच्या तारेतला केसाएवढा धागा जोडा. चकतीला हाताने केल्याचा स्पर्श येतो.

रेझिस्टरचा हिशोब तुम्ही केलेलाच असेल. ५ व्होल्टमधून पिवळ्या एलईडीचे २ गेले, उरले ३. प्रवाह २० मिलिअँपिअर हवा, म्हणजे ३ भागिले ०.०२, उत्तर १५० ओहम. हिशोब अचूक होता. मी माझ्या डब्यातून ‘१५०’ लिहिलेले बारा रेझिस्टर मोजून काढले, भिंगाखाली धरून आकडा दोनदा वाचला आणि बाराच्या बारा बसवले, एलईडीच्या आधी. पहिला एलईडी जोडून चार्जर लावला. काय सांगू! असा प्रकाश मी कुठल्याच एलईडीचा पाहिला नव्हता. भिंतीवर माझी सावली पडली. ‘आई, बघ!’ एवढं म्हणेपर्यंत तो गेला तो गेलाच.

त्या तीन आकड्यांत शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची ते. १५१ म्हणजे पंधरावर एक शून्य, १५० ओहम. आणि १५० म्हणजे पंधरावर शून्य शून्यं. पंधरा ओहम. हिशोबाने २०० मिलिअँपिअर, हव्या होत्या त्याच्या दहापट. तुम्हीही लेबल वाचू नका, ओहम मोजणारा मल्टिमीटर लावू नका. भिंतीवर स्वतःची तशी सावली आयुष्यात एकदा तरी पाहावी.

बारा रेझिस्टर काढायला दोन रात्री गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा तपकीर गल्लीत. तो मला बघून काही बोलला नाही. १५१चे रेझिस्टर काउंटरवर ठेवले आणि शेजारी न विचारता फ्लक्सची एक छोटी डबी. मीही काही बोललो नाही. बारीक तार माझी मीच मागितली.

त्या रात्री अकरा एलईडी दीड तासात बसले. पॅडवर टाचणीच्या टोकाएवढा फ्लक्स, त्यावर बिट नुसतं टेकवायचं की सोल्डर स्वतःहून पॅडभर धावतं आणि ओल्या पाटीसारखं चमकतं. हे वाचून तुम्हीही पहिल्याच दिवशी डबी आणाल, अशी मला भीती वाटते. असो.

आता फक्त दिशा. एलईडी उलटा बसला तर लागत नाही. वरून एका टोकाला बारीक हिरवी खूण असते, ती बहुधा ऋण बाजू. खाली त्रिकोण किंवा इंग्रजी टी असतो, पण त्याचं टोक कुणीकडे, याबाबत सगळे उत्पादक एकमेकांशी बोललेले नसतात. मल्टिमीटरचं बटण डायोडच्या खुणेवर ठेवून तो दोन्ही टोकांना लावला की एलईडी मिणमिणतो आणि लाल तार जिकडे ती धन बाजू. एकाला पाच सेकंद, बाराला एक मिनिट. ही तपासणी अकरा बसवून झाल्यावर, रात्री दीड वाजता, डोळ्यांतून पाणी येत असताना, ‘आता काय, एकच तर राहिलाय’ असं म्हणून वगळायची असते.

वसुबारसेला संध्याकाळी चार्जर लावा. अकरा लागतील. बारावा उलटा आहे. तो काढायला जाऊ नका, तिथल्या पॅडचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. कंदील जरा फिरवून, ती बाजू भिंतीकडे येईल असा टांगा.

समोरचे काका गॅलरीतून बराच वेळ बघतील. मग विचारतील, ‘चायनाचा का?’

‘नाही काका, घरी केलाय.’

‘तरीच.’