पाय आले का?

मामांचे पाय मी कापले, असं सध्या आमच्या गल्लीत बोललं जातंय. म्हणून खुलासा करतो.

आमची सहा मिनिटांची शॉर्टफिल्म. सोलापूरच्या पूर्व भागातला कापड विणायचा बंद कारखाना, माग भंगारात घालून रिकामा बसलेला बाप, पुण्याहून आलेला मुलगा आणि ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेला एक धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी लाकडी वस्तू. अठ्ठावीस शॉट, एक फोन, एक ट्रायपॉड, तीन पोरं. कारखाना फुकट मिळाला. त्याच्यासोबत मालकाचे मामाही फुकट मिळाले.

"काय करलालाव ओ सर? बसू का कोपऱ्यात? काय बोलत नाही मी."

पहिला शॉट वाइड. ट्रायपॉड दारात, बाप लांब तळाशी एवढासा, आणि मध्ये नुसती फरशी. फरशीवर मागांच्या पायांचे तेलकट चौकोनी डाग अजून आहेत. ते दिसले की 'आमचे माग गेले' हा संवाद कापून टाकता येतो, आणि मी तो कापलाही. वाइड आधी उरकायचा, कारण उजेड थांबत नाही. पत्र्यातल्या फटीतून पडलेला उन्हाचा कवडसा वीस मिनिटांत ट्रंकेवरून भिंतीवर जातो. मग जवळचे शॉट या वाइडला जुळवून घ्यावे लागतात. मामांनी मागून स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं.

"झकास. पाय आले."

तेव्हा मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

पुढचा मिड शॉट, कमरेच्या जरा वरून.

"सर, पाय आले का?"

"मामा, यात पाय नसतात."

"का बरं? त्याला आहेत की."

मी समजावलं. माणूस फ्रेमने कुठंही कापायचा नसतो. गुडघा, मनगट, घोटा, मान अशा सांध्यावर कापला तर तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या मधोमध किंवा छातीवर कापला तर डोळा तक्रार करत नाही. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या लग्नाचा अल्बम बघा. पाचशे माणूस आहे. एकाचाबी पाय कापला नाही फोटोग्राफरनं. आणि त्या काळात रीळ मोजून वापरायचे!"

याला काय उत्तर द्यायचं?

क्लोजअपला तर ते उभेच राहिले. बापाचा चेहरा हवा होता, हनुवटीपासून कपाळापर्यंत, डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात. फोनची नेहमीची लेन्स वाइड असते. ती हातभर अंतरावर नेली की नाक पुढं येतं आणि कान मागं पळतात, दुःखी बाप विनोदी दिसायला लागतो. म्हणून चार पावलं मागं जाऊन दुपटीची दुसरी लेन्स लावली. "झूम मारा की जागेवरनंच," मामा म्हणाले. तिपटी-चौपटीचा बोटांनी ताणलेला झूम म्हणजे ताणलेला फोटो असतो, मोठ्या पडद्यावर रवाळ दिसतो, हे मी सांगितलं. "मग पाय?" हे त्यांनी विचारलं.

आता रेषेचं प्रकरण. बाप डावीकडे, मुलगा उजवीकडे. दोघांमधून जाणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा. यालाच १८० अंशांचा नियम म्हणतात. रेष ओलांडली की बाप आणि मुलगा दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात. एकमेकांशी बोलण्याऐवजी दोघं मिळून तिसऱ्याच कुणाची वाट बघतायत असं वाटतं. पोरं विसरतात म्हणून मी ती काल्पनिक रेष खडूने फरशीवर काढली. ही माझी चूक.

"ही ओलांडायची नाही," मी पोरांना बजावलं. मामांनी ते मनावर घेतलं. शेजारची एक बाई कळशी घेऊन आत आली, तिला त्यांनी अख्ख्या कारखान्याला वळसा घालायला लावला. दोन लहान पोरांना राखणीला बसवलं. चहा पिऊन परत आलो तर रेषेवर हळद-कुंकू वाहिलेलं होतं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता हसतो आहे, पण तेव्हा रडायची वेळ होती. सकाळच्या वाइडमध्ये फरशी कोरी आणि दुपारच्या टू-शॉटमध्ये, म्हणजे बाप-मुलगा दोघांच्या शॉटमध्ये, कुंकवाचे ठिपके! पुसलं तर फरशी लाल झाली. शेवटी ट्रंक सरकवून ती त्यावर ठेवली; मग ट्रंकेची जागा चुकली.

त्यातच मेचं ऊन, वर पत्रे. दीड वाजता फोनने 'तापमान वाढले आहे' म्हणत रेकॉर्डिंग बंद केलं. त्याला ओल्या फडक्यात नव्हे (पाणी आत गेलं की संपलंच), माठाशेजारच्या गार फरशीवर ठेवला. ट्यूबलाइट लावल्या तर चित्रात काळे पट्टे फिरायला लागले. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे, आणि ट्यूब त्या तालावर लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. हे सगळं जुळवताना मागून आवाज: "ड्रोन नाही का ओ?"

छताखाली ड्रोन!

खरा पेच एडिटिंगला आला. धोट्याचा इन्सर्ट, म्हणजे नुसत्या वस्तूचा जवळचा शॉट, सुरेख मिळाला होता. धोटा बापाच्या तळहातावर, झिजलेलं लाकूड, टोकाची लोखंडी चोच, आत अजून अडकलेली धाग्याची रिकामी कांडी. पण त्यानंतरचा बापाचा क्लोजअप आउट ऑफ फोकस. फोकस लॉक करायला विसरलो होतो. बोट दाबून धरलं असतं तर काम झालं असतं. शोधता शोधता एक फालतू तुकडा सापडला. कॅमेरा चालूच राहिलेला आणि समोर मामा, मिड क्लोजअपमध्ये, आवंढा गिळताना. त्यांची नजर पोरांनी आणलेल्या भज्यांच्या पुड्यावर होती.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्हने मोझुखिन या नटाचा एकच चेहरा सूपच्या वाटीला, शवपेटीला आणि एका स्त्रीला जोडून दाखवला होता. चेहरा तोच, पण लोकांना त्यात भूक, शोक आणि प्रेम दिसलं, असं सांगतात. मी धोट्याला मामा जोडले, मुलाचा चुलता म्हणून. भज्यांची भूक चुलत्याचं दुःख झाली.

परवा चाळीसेक माणसांना फिल्म दाखवली. कोण कुणाकडे बघतोय त्या नजरेच्या रेषा जुळवायला मी दोन रात्री जागलो. त्याबद्दल एक माणूस बोलेल तर शपथ. कट बरोबर बसला तर कुणाला दिसत नाही, चुकला की शाळकरी पोरालाही दिसतो, असला हा धंदा. सगळे एकच म्हणत होते, "ते कोपऱ्यातले आजोबा कोण हो? काय रडू दाबलंय!" एकाने तांत्रिक प्रश्न विचारला. तो ड्रोनबद्दल होता.

मामा शेवटी आले. मी म्हटलं, आता तरी.

"चांगलं झालं सर. पण पाय नाही घेतले तुम्ही." थोडा वेळ खाली बघत राहिले. "मुद्दाम नवी चप्पल घातली होती ओ त्या दिवशी."