विशारद झालं, आता शिकवायचं कसं?

चिपळूण असो की सावंतवाडी, गाण्याच्या क्लासचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, विशारद ही संगीताची परीक्षा पास झाल्याशिवाय क्लासची पाटी लावूच देऊ नये. दुसरे म्हणतात, परीक्षांनीच गाणं मारलं, बुवांसमोर बसून शिकलेला शंभर पटींनी बरा. मग दोघेही हुकमाचं पान म्हणून परदेशाचा दाखला काढतात: एक म्हणतो, तिकडे बघा, शिक्षकाला रीतसर परवाना लागतो; दुसरा म्हणतो, तिकडे बघा, परीक्षांचं हे खूळ नाही.

ब्रिटनमध्ये राहून सांगतो, असा परवाना इथे नाही. घरी पियानो किंवा गाणं शिकवायला कायद्याने कुठलीच पदवी लागत नाही. परीक्षांचं म्हणाल तर ग्रेड घेणारी इथली मोठी संस्था, एबीआरएसएम, १८८९ सालची; आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीत विद्यालय काढलं ते १९०१ साली. आणि रड तीच. वर्षभर तीन ठरलेल्या रचना घोटायच्या, परीक्षा द्यायची, लगेच पुढच्या ग्रेडच्या तीन रचना उघडायच्या. वरच्या ग्रेडची मुलं कागद काढून घेतला की वाढदिवसाचं गाणंसुद्धा चाचपडत वाजवतात. तेव्हा परीक्षा हव्यात की नकोत, या वादात परदेशाला साक्षीला बोलावून फारसा उपयोग नाही.

घेण्यासारखं आहे ते वेगळंच. सुझुकी या लहान मुलांना वाद्य शिकवायच्या जपानी पद्धतीचं प्रशिक्षण घेणाऱ्याला दुसऱ्यांचे तास ठरावीक वेळ नुसते बसून बघावे लागतात. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत पियानो-अध्यापन शिकणारे खऱ्याखुऱ्या लहान मुलांना शिकवतात आणि मागे अनुभवी शिक्षक बसलेला असतो. आपल्याकडे मैफलीसाठी गुरू असतो, परीक्षेसाठी गुरू असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना मात्र आपल्याला कोणी बघितलेलंच नसतं. विशारदला स्वतः गाऊन दाखवावं लागतं. आठ वर्षांच्या पोराकडून षड्ज, म्हणजे सा, काढून घेणं ही निराळी विद्या आहे.

पट्टीचंच, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा त्याचंच बघा. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गातो आणि सगळ्या क्लासला तिथेच बसवतो. मुलं एक सप्तक वर गातात. पंचमापर्यंत ठीक जातं, धैवत-निषादाला मान वर होते, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा-ला, मूल ओरडतं. शिक्षक म्हणतो, ‘आवाज मोकळा सोड.’ दोष आवाजाचा नाही, पट्टीचा आहे. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून एकेक पट्टी खाली येत मुलाला ‘आ’ लावायला सांगा. जो शेवटचा स्वर चार-पाच सेकंद न थरथरता, हवा न निसटता टिकतो, त्याच्या एक-दोन पट्ट्या वर षड्ज धरा. बहुतेक लहान मुलं अशाने काळी चार-पाचच्या आसपास येतात. सगळी एका पट्टीत बसली नाहीत तर दोन गट करा. आवाज फुटत असलेल्या मुलाला पाच-सहा स्वरांतच फिरू द्या, तार सप्तकाचा आग्रह नको.

पेटीवरचा वाद जुना. रेडिओने तिच्यावर १९४० साली बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने चढा असतो, हे खरंच. पण नवशिक्याच्या बाबतीत पेटीची खरी खोड ही नव्हे. शिक्षक मुलाबरोबर प्रत्येक स्वर वाजवतो, वर स्वतःही गातो, आणि मूल नक्की काय गातंय ते त्याला ऐकूच येत नाही. तानपुरा किंवा त्याचं ॲप लावा. तीन स्वर एकदा गाऊन दाखवा, तेवढाच वेळ गप्प बसा, मुलांना गाऊ द्या, मग एकेकट्याला. ती गप्प बसण्याची सवय लागायलाच नव्या शिक्षकाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

अलंकारांची, म्हणजे स्वरांच्या ठरावीक पलट्यांची, तपासणी सोपी आहे. ‘सारेग, रेगम’ धडाधड म्हणणाऱ्या मुलाला तेच आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, गायला सांगा. मध्यमाच्या पुढे स्वर घसरला तर त्याने अक्षरं पाठ केलीत, स्वर नाहीत. तासातली वीस मिनिटं वही लिहिण्यात घालवणाऱ्या क्लासात हे हमखास दिसतं.

कणसूर, म्हणजे सुरात न लागणाऱ्या मुलाला ‘वर, आणखी वर’ म्हणून काही होत नाही. तो जो स्वर लावतोय तो पेटीवर शोधा, सगळ्या क्लासला तो लावायला सांगा. आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजाशी जुळला म्हणजे कसं वाटतं, हे त्याला बहुधा तिथेच पहिल्यांदा कळतं. मग तिथून अर्धा-अर्धा स्वर सगळ्यांनी मिळून षड्जाकडे सरकायचं.

तबल्यातही तेच. ‘ना’ हा बोल नीट वाजण्याआधी तीनताल दिला की पुढची दोन वर्षं दुरुस्तीत जातात. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या, कडेला हलकी टेकलेली आणि तर्जनीचा आघात चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठच्या पट्टीवर. अनामिका उचलली गेली की नाद फुटतो. तर्जनी आघातानंतर चाटेवरच राहिली की तो मरतो. कान न लावता नुसत्या हाताकडे बघितलं तरी चूक सापडते. लय मिनिटाला साठ मात्रांपासून, आणि वाढवायची ती चार-पाच मात्रांनीच. पावसाळ्यात कोकणात चामडं सैल पडतं, म्हणून तासाआधी दहा मिनिटं जुळवणीसाठी राखून ठेवा. कपाटात दिवा लावून ऊब द्या, पण तबला दिव्याला खेटून ठेवू नका, शाई तडकते.

सिंधुदुर्गातल्या शिक्षकापुढे एक विद्यार्थी असा येतो, जो ब्रिटनमधल्या कुठल्याच प्रशिक्षणात सापडणार नाही: भजनी घरातला. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकत वाढलेला, भजनातला कुठलाही गजर कानाने पेटीवर काढणारा, अंगठा न वापरता दोन-तीन बोटांवर पळणारा, उंच पट्टीत गळा ताणणारा. त्याला ‘हे सगळं विसर’ म्हणणारे शिक्षक बरेच आहेत. माझ्या मते ते हातचा कान घालवतात. ब्रिटनमधल्या तीन रचना घोटलेल्या मुलाला नेमका तोच कान नसतो. त्याचाच गजर निम्म्या लयीत, दोन-तीन पट्ट्या खाली घ्या. पांढरी एकमध्ये सा-रे-गला अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि मध्यमाला अंगठा खालून, असं बोट बसवा. अलंकार त्या गजरातूनच काढता येतो. गणपतीत तोच गजर नव्या बोटांनी वाजला की घरच्यांचीही कुरकुर थांबते.

ब्रिटनमधली एकास एक अर्ध्या तासाची शिकवणी मात्र उचलू नये. पाच-सहा मुलांची तुकडी हे गरिबीचं लक्षण नव्हे. दुसऱ्याची चूक ऐकूनही नवशिका शिकतो. इथे त्या अर्ध्या तासानंतर आठवडाभर घरी एकट्याने बसायचं असतं, आणि बरीच मुलं तिथेच गळतात.

मग शिकवायला शिकायचं कसं? तालुक्यातल्या एखाद्या मुरलेल्या शिक्षकाच्या प्राथमिक तुकडीत तीन महिने. पहिला महिना नुसतं बसायचं आणि शिक्षकाकडे नाही, मुलांकडे बघायचं. दुसऱ्या महिन्यात तासाची पहिली दहा मिनिटं, फक्त आकार आणि षड्ज, आपण घ्यायची. तिसऱ्यात आठवड्यातला एक अख्खा तास आपला. ज्येष्ठ शिक्षक मागे बसेल, मध्ये बोलणार नाही, नंतर दोनच गोष्टी सांगेल. दहा सांगितल्या तर एकही सुधारत नाही. मालवणहून कुडाळला एसटीने जाणं रोज जमत नसेल तर आपल्या तासाचं चित्रण पाठवावं, मात्र मोबाइल मुलांकडे तोंड करून ठेवावा. बुवांचा चेहरा बघायचा नाहीये. ज्येष्ठाला त्याच्या वेळेचे पैसे द्यायचे, ते ‘गुरुदक्षिणा’ म्हणून मोघम न ठेवता आधी ठरवून. हातात रोख नसेल तर स्वतःच्या पहिल्या तुकडीच्या फीमधून तीन हप्त्यांत फेडावेत.